सहज फोन केला होता, साहेब

मा. चेअरमनसाहेब यांस,


तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र, असा गैरसमज नसावा. फोन तुम्ही उचलता. ‘मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो’ एवढं सांगण्यापुरता उचलता आणि मागे कुकरची शिट्टी होते. त्या मीटिंगमध्ये बहुधा वरणभातावर निर्णय होत असावा. माझ्यावर मात्र चौदा महिने झाला नाही, म्हणून हे उघडं पत्र. सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लावलंत तरी चालेल. तिथे पाणीकपातीची 2023 सालची सूचना अजून आहे, शेजारी जागा होईल.

2025 च्या संक्रांतीच्या आठवड्यात मी तुमच्या गच्चीवर आलो होतो. लोखंडी शिडी, हातात टेप, आणि दोरीवर कुणाच्या तरी गोधड्या. टाकीची सावली दुपारी चारनंतर कुठवर सरकते ते बघायला मी तिथे साडेपाचपर्यंत बसून राहिलो. दर अर्ध्या तासाला खडूने रेघ मारत होतो. खाली आलो तेव्हा तुम्ही तिळगूळ दिलात आणि म्हणालात, ‘आपल्याला सोलर नक्की करायचंय. फक्त कोटेशन व्यवस्थित द्या.’

दिलं. 20 किलोवॉट. दोन लिफ्ट, पाण्याचे दोन पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरले तर 80 युनिट. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे 18 हजारांचं अनुदान, म्हणजे 3 लाख 60 हजार. महावितरणचं नेट मीटरिंग, कागदपत्रं, सगळं आमच्याकडे. किंमत करांशिवाय दहा लाख. आकडे ऐकून तुम्ही मान हलवलीत. उभी हलवलीत की आडवी, हे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

मग पंचांग सुरू झालं. फेब्रुवारीत ‘मार्च एंड होऊ द्या’. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा. मेमध्ये कमिटी गावाला. त्या वर्षी पुण्यात पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे तुमचं ‘आता पावसात पॅनल काय कामाचे’ हेही दोन आठवडे आधी आलं. पुढे गणपती. गणपतीनंतर पितृपक्ष, आणि पितृपक्षात दहा लाखांची खरेदी कोण करतं? वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून मी त्या तारखेवर डोळा ठेवून होतो. सभा झाली. दोन तास विषय एकच होता, भाडेकरूंच्या कुत्र्याने लिफ्ट वापरावी की जिना. सोलर ‘आयत्या वेळच्या विषयांत’ होतं आणि ती वेळ आली तेव्हा समोसे आले. मग दिवाळी. मग महापालिकेच्या निवडणुका लागल्या आणि तुम्ही म्हणालात, ‘आचारसंहिता आहे हो.’ ती गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीलाही लागू होते, हे मला नव्याने समजलं.

या सगळ्या काळात मी तुम्हाला दर सोमवारी फोन करत होतो. आमच्या धंद्यात याला फॉलोअप म्हणतात. तुमच्या घरात काय म्हणतात ते वहिनींच्या ‘अहो, तो सोलरवाला’ या सुरावरून कळायचं. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘साहेब, सहज फोन केला होता.’ दहा लाखांच्या कामासाठी जगात कुणी सहज फोन करत नाही. तुम्हाला ते माहीत होतं, मला ते तुम्हाला माहीत आहे हेही माहीत होतं. तरी आपण दोघं आधी हवापाण्यावर बोलायचो, मग तुमच्या गुडघ्यावर, आणि शेवटी तुम्ही म्हणायचात, ‘बघतो, कळवतो.’ माझ्या वहीत तुमच्या नावापुढे ‘हॉट’ लिहिलेलं होतं. ते खोडून ‘वॉर्म’ केलं. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शहाळी घेऊन आलो आणि पुन्हा ‘हॉट’ केलं.

मीही धुतल्या तांदळाचा नाही, हे इथेच कबूल करतो. दर दोन फोनांमागे एकदा मी ‘आत्ता घ्या, पुढे रेट वाढणार’ असं ठासून सांगायचो. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या मालावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. कामाचा सत्तर टक्के भाग माल आणि तीस टक्के सेवा धरतात. या हिशेबाने एकूण कर 13.8 वरून 8.9 टक्क्यांवर उतरला. दहा लाखांवर 49 हजार वाचले. त्या दिवशी तुमचा मेसेज आला, फक्त अंगठा आणि डोळा मारणारा चेहरा. चौदा महिन्यांत तुम्ही आपणहून पाठवलेला तेवढाच मजकूर. मी निमूट सुधारित कोटेशन पाठवलं. दोन निळ्या खुणा झाल्या.

आणि गेल्या महिन्यात चक्क तुमचा फोन आला. ‘कोटेशन लेटरहेडवर हवंय. मेल नको, प्रत द्या. सही-शिक्का हवा.’ मी विचारलं, ‘साहेब, रेट थोडा कमी करू का?’ तुम्ही घाईघाईने म्हणालात, ‘छे छे, आहे तो राहू द्या. उलट जुनाच टाकलात तरी चालेल.’

अठरा वर्षं धंद्यात आहे. गिऱ्हाईक रेट वाढवून मागतं तेव्हा त्याचा अर्थ काय, हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण आशा माणसाला बावळट करते. मी बायकोला फोन करून संध्याकाळी बाहेर जेवायला जाऊ म्हणून सांगितलं आणि शिक्का खिशात घालून निघालो.

गेटवर वॉचमनकाकांनी वही पुढे केली. ‘सोलर का? माल तर परवाच उतरला.’ पार्किंगमध्ये, तुमच्याच गाडीमागे, पुठ्ठ्यात बांधलेले पॅनल भिंतीला टेकून उभे होते. ‘खजिनदारसाहेबांच्या मेव्हण्यांचं काम आहे. फायलीला तीन कोटेशनं लागतात म्हणत होते, दोन मिळाली.’

तिसरं मी वर येऊन दिलं. सही केली, शिक्का मारला, पोच घेतली. तुम्ही चहा विचारलात. मीटिंगमध्ये आहे म्हणालो.

परवा उड्डाणपुलावरून जाताना तुमची गच्ची दिसली. काम सुबक झालंय, मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा. फक्त पश्चिमेकडची शेवटची रांग टाकीला अगदी खेटून लावलीय. साडेचार वाजले होते आणि अर्ध्या रांगेवर सावली होती. साखळीतल्या एका पॅनलवर सावली पडली की बाकीचेही सुस्तावतात. हे सगळं खडूच्या रेघांच्या नकाशासह माझ्या कोटेशनच्या पान 3 वर होतं. फाइलमध्येच आहे, बघा.

ती रांग पाच फूट पुढे घेण्याचं कोटेशन सोबत जोडलं आहे. वैधता 30 दिवस. सोमवारी फोन करतो.

सहजच.

आपला नम्र,
तिसरं कोटेशन