कोथिंबिरीचं आवर्तन

एस्पो, फिनलंड
14 डिसेंबर

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल. इथे सध्या सव्वानऊला कसंबसं उजाडतं आणि सव्वातीनला दिवेलागण. अशा देशात तुमच्या जावयांनी हॉलच्या कोपऱ्यात शेती काढली आहे. शेती म्हणजे पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा. आत चंदेरी कागद, वर एलईडी दिवा, बाजूला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, आणि या सगळ्यावर मुकादम म्हणून काडेपेटीएवढा ईएसपी32 नावाचा बोर्ड.

आई, तू फोनवर म्हणालीस, ‘माती थोडी सुकली की पाणी घाल.’ झालं! थोडी म्हणजे किती? मुकादमाला आकडा लागतो. मातीत खोचलेला सेन्सर शून्य ते 4095 मधला आकडा देतो, तोही उलटा. माती कोरडी असेल तर मोठा, ओली असेल तर लहान. मग जावई तो कधी हवेत धरणार, कधी पाण्याच्या पेल्यात बुडवणार आणि मी वहीत आकडे मांडणार. अखेर तुझं ‘थोडी’ 2300 वर पक्कं झालं. ‘चिमूटभर हिंग’ अजून बाकी आहे.

पंखा 26 अंशांना चालू आणि 26 लाच बंद ठेवला, तर त्याचा रिले रात्रभर टक-टक, टक-टक. 27 ला चालू, 25 ला बंद केल्यावर घरात झोप आली.

बाबा, पुढचा भाग तुमच्यासाठी. पंप मिनिटाला 100 मिलिलिटर पाणी सोडतो. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस क्युसेक विचारणारच, म्हणून हिशेब करून ठेवलाय : 0.00006. गेल्या शनिवारी चिरंजीवांनी मुळं किती वाढली ते बघायला सेन्सर उपटून बाहेर ठेवला. हवेतला सेन्सर म्हणजे मुकादमाच्या लेखी भीषण दुष्काळ. त्याने टाकी रिकामी होईपर्यंत पाणी सोडलं. टेलच्या शेतकऱ्याला, म्हणजे आमच्या सोफ्याला, पहिल्यांदाच भरपूर पाणी मिळालं. आता एका वेळी दहा सेकंदांचंच आवर्तन, मग अर्धा तास मुरू द्यायचं, आणि दिवसाला सहा पाळ्या. सेन्सरने कितीही टाहो फोडला तरी सातवी नाही.

दिव्याचं घड्याळ बोर्ड इंटरनेटवरून लावतो. पण जावयांनी पुण्याच्या मित्राचा प्रोग्राम जसाच्या तसा चढवला, त्यामुळे वेळ भारतातली. तुमच्याकडे सकाळचे सहा वाजले की आमच्या हॉलमध्ये रात्री अडीचला जांभळा झगमगाट! इथली माणसं न कळवता कुणाच्या दारात जात नाहीत, तरी समोरच्या इमारतीतल्या आजी आल्या. ‘कपाटात काय पिकवता?’ एवढंच विचारलं, पण नजर फौजदाराची. कोथिंबीर दाखवली, पान चुरगळून हुंगायला दिलं. ‘साबणाचा वास येतो,’ म्हणाल्या. संशय फिटला, अपमान राहिला.

दिवा आता बाराच तास. सोळा तास ठेवला होता तेव्हा कोथिंबिरीला लग्नघाई झाली आणि पानं सोडून तिने फुलांचे तुरे काढले. दिवस मोठा झाला की ती असंच करते म्हणे.

आणि आई, मावशीच्या बॅगेतून कढीपत्त्याचं रोप पाठवू नकोस. डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात बाहेरून रोपं, बिया, फळं आणायची तर ती निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो. सूट फक्त नारळ, केळी, अननस, खजूर आणि दुरियनला. म्हणजे सत्यनारायणाला व्हिसा नको, फोडणीला हवा. कोथिंबीर आम्ही इथल्या दुकानातल्या धण्यांवरच भागवली, लाटण्याने दोन-दोन फाका करून.

तुमची,
बाळी

ता. क. कालवा सल्लागार समितीची बैठक रविवारी, तुमच्या दुपारी चारला, व्हिडिओ कॉलवर. अध्यक्ष बाबा. उपलब्ध साठा पाच लिटर, आणि आता मेथीचीही मागणी आली आहे.