अनशापोटीचा मान

औषधांच्या दुनियेत सकाळच्या रिकाम्या पोटाइतकी मोक्याची जागा दुसरी नाही, आणि तिच्यावर हक्क सांगणारेही कमी नाहीत. मेथीचं पाणी अनशापोटी. तांब्याच्या भांड्यातलं पाणी अनशापोटी. भिजवलेले बदाम, लसणाची पाकळी, आवळ्याचा रस, तुळशीची पानं, कोमट पाण्यात लिंबू-मध, सगळ्यांचा मुहूर्त एकच. ‘दुपारी दोन वाजता, पोटभर जेवून, डुलकी काढण्यापूर्वी घ्यावं’ असा उपाय मला आजवर कोणी सांगितलेला नाही. सांगितला असता तर मी तो आयुष्यभर नेमानं केला असता. त्यातल्या त्यात विनयशील म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. ‘आधी काहीतरी खाऊन घ्या, मग आम्हाला घ्या,’ म्हणतात बिचाऱ्या.

या गर्दीत थायरॉइडची गोळी शिरली आणि तिनं नुसती जागा मागितली नाही, बाकीच्यांना बाहेर काढलं. मी येईन, सोबत साधं पाणी येईल, आणि पुढचा अर्धा ते एक तास आत कोणी पाऊल ठेवायचं नाही.

डॉक्टरांनी हिला ती पहिल्यांदा लिहून दिली, तेव्हा हिनं आजाराबद्दल काही म्हणजे काही विचारलं नाही. ग्रंथी गळ्यात नेमकी कुठे असते, करते काय, आत्ताच का रुसली, काही नाही. ‘म्हणजे मग चहा कधी?’ एवढाच प्रश्न. तासाभरानं, म्हटल्यावर घासाघीस सुरू झाली. कोरा चालेल का? नाही. बिनसाखरेचा? नाही. अर्धाच कप? डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘वहिनी, पाणी. फक्त पाणी.’ आवाज असा, की या वाटाघाटी त्यांनी सकाळपासून अनेकींशी केल्या असाव्यात. केल्याही असतील. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, आणि आपल्याकडे चहाबद्दल तडजोड कोणीच करत नाही.

कारण तसं साधं आहे. या गोळीतला लेव्होथायरॉक्सिन हा पदार्थ आतड्यातून रक्तात जायचा असतो, आणि चहा, कॉफी, दुधातलं कॅल्शियम, लोह, सोयाबीन, ईसबगोल हे सगळे त्याला वाटेत अडवतात. शिवाय तो असतो किती? ५० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे वीस हजार भाग करायचे आणि त्यातला एक घ्यायचा. गोळी म्हणून हाताला जे लागतं, ते बहुतेक सगळं तो एवढासा ऐवज धरून ठेवायला घातलेलं भरताड. माझी पित्ताची गोळी ४० मिलिग्रॅमची. औषधाच्या वजनात हिच्या गोळीच्या आठशेपट भारी. पण घरात दरारा कोणाचा, हे सांगायला नको.

त्यामुळे आमच्या घरात रोज सकाळी एक तास असा आला, ज्यात माणूस जागं आहे आणि चहा नाही. हे किती धोक्याचं आहे ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. पूर्वी पहिल्या चहाआधी आम्ही एकमेकांशी बोलत नसू. भांडण नव्हतं, तह होता. आता हिला सहाला जाग येते, गोळी घेऊन होते, आणि पुढचा तासभर डोकं लख्ख चालत असतं. विम्याचे कागद कुठे ठेवलेत, माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ कोणी दिलं होतं, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात हिला आहेरात कोणत्या रंगाची साडी आली होती, या सगळ्या विषयांवर त्या तासात सुनावणी होते. मला माझ्या गोळीनंतर अर्ध्या तासात चहा-नाश्ता घ्यायचा असतो. पण उपाशी बसलेल्या बायकोसमोर वाफाळता कप घेऊन बसायला जे धैर्य लागतं, ते माझ्यात नाही. मी तो ओट्यापाशी उभ्यानं पितो.

दोन्ही गोळ्या अनशापोटीच्या, पण स्वभाव उलटे. हिची म्हणते, माझ्यानंतर कोणी येऊ नका. माझी म्हणते, माझ्यामागून कोणीतरी लवकर या. जठराच्या अस्तरात आम्ल बाहेर सोडणारे असंख्य सूक्ष्म पंप असतात, आणि अन्न आलं की ते कामाला लागतात. माझ्या गोळीतल्या पँटोप्राझोलच्या जातीची औषधं चालू असलेला पंपच पकडू शकतात. बसून राहिलेला त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून ती आधी रक्तात पोहोचून दबा धरून बसतात, आणि वर पोह्यांचा पहिला घास पडला की कामगिरी सुरू. नाश्त्याला पोहे असोत की उप्पीट, माझ्या पोटात तो सापळ्यातलं आमिष म्हणूनच जातो, हे कळल्यापासून मी घास जरा जास्त आदरानं चावतो.

थायरॉइडच्या गोळीला आज जो मान आहे, तो मात्र तिनं कष्टानं मिळवलेला आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरनं मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. अंग सुजलेलं, बोलणं मंदावलेलं, सतत थंडी वाजणारी ती बाई सुधारली, आणि पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधापायी ८७० हून अधिक मेंढ्या खर्ची पडल्या, अशी नोंद मरेनं स्वतःच करून ठेवली आहे. मी हे वाचून दाखवलं तेव्हा हिनं हातातली बाटली खाली ठेवली. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. मी घाईघाईनं पुढचं वाचलं. पण पुढचं आणखी वाईट निघालं. दुसऱ्याच वर्षी प्लिमथच्या फॉक्स नावाच्या डॉक्टरला कळलं की टोचायची गरज नाही, खाल्लं तरी चालतं. त्यांचा पथ्याचा कागद असा: मेंढीची अर्धी ग्रंथी, हलकी परतून, बारीक करून, सोबत करंटच्या फळांची जेली, आठवड्यातून एकदा. चहाबद्दल मात्र त्यात काही अट असल्याचं माझ्या वाचनात नाही. हिच्या चेहऱ्यावर क्षणभर असा भाव आला की, तो सौदा काही अगदीच वाईट नव्हता.

१९१४ च्या नाताळच्या दिवशी, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांना थायरॉक्सिन शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळालं. त्यासाठी डुकरांच्या ग्रंथी लागल्या तीनेक टन, आणि हाती आलं तीसेक ग्रॅम. पोहे-साखरेच्या हिशेबात तीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण ५० मायक्रोग्रॅमच्या हिशेबात ती सहा लाख गोळ्यांची सामग्री होते. मग १९२७ मध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी तेच द्रव्य प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं आणि मेंढ्या-डुकरांची यातून सुटका होण्याची वाट मोकळी झाली. आपली गोळी या वंशातली, हे सांगितल्यावर बाटली पुन्हा उचलली गेली.

आमच्या ताईकडे मात्र प्रकरण वेगळ्याच थराला गेलं होतं. ताई चिंचवडला असते, आणि तिच्याकडे सात वारांचे कप्पे असलेला प्लॅस्टिकचा डबा आहे. त्यात थायरॉइडची गोळी, पित्ताची गोळी, कॅल्शियम, लोह, आणि डब्याबाहेर भुसा, म्हणजे ईसबगोल. तिचा स्वभाव कामं उरकण्याचा. पहाटे उठायचं, सगळ्या गोळ्या तळहातावर घ्यायच्या आणि एका घोटात विषय संपवायचा. ‘एकदाचं झालं की दिवसभर डोक्याला ताप नाही.’ तीन महिन्यांनी तपासावं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की चढणारा रक्तातला आकडा, वर गेलेला. डॉक्टर डोस वाढवायचे. पुन्हा तपासावं, पुन्हा वर. ही काय महागाई आहे का, असं ती मला फोनवर विचारायची. शेवटी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टकडे बघायच्या आधी तिला विचारलं, ‘गोळी घेता कशी, ते करून दाखवा.’ ताईनं रिकामा तळहात तोंडाशी नेऊन दाखवला. बाईंनी डोस वाढवला नाही. कॅल्शियम आणि लोहापासून थायरॉइडच्या गोळीला चार तास लांब ठेवा, म्हणाल्या. आणि पित्ताची गोळी किती वर्षं चालू आहे, कोणी दिली होती, हेही विचारलं. कारण थायरॉइडची गोळी नीट विरघळायला जठरात थोडं आम्ल लागतं, आणि ताई तर वर्षानुवर्षं ते बंद करत आली होती. ती गोळी कोणी दिली होती, हे ताईला आठवेना. एकदा दाढेच्या दुखण्यासाठी औषधं लिहून दिली होती, त्यांच्यासोबत पोटाला त्रास नको म्हणून आली होती. दाढ कधीच गेली, गोळी राहिली.

मग ताईनं मला बोलावून घेतलं आणि आम्ही कागदावर क्रम लावला. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचे पाच गणपती जसे ठरल्या क्रमानं निघतात, कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, आणि ती रांग कोणी मोडत नाही, तसं केलं. पहिला मान थायरॉइडचा, एकटा. पित्ताची गोळी हळूहळू सोडायची असं ठरलं होतं, तोवर ती नाश्त्याच्या आधी. लोह दुपारी. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. भुसा सगळ्यात शेवटी, झोपताना. ‘अरे, पण भुशावर अन्याय होतोय,’ ताई म्हणाली. ‘तोच सगळ्यात जुना.’

हे तिचं म्हणणं खरं होतं, आणि थोडं दुःखदही. थायरॉइड मंदावला की आतडीही मंदावतात. पोट साफ न होणं, फुगल्यासारखं वाटणं, अंग जड होणं, या सगळ्याला आमच्या घरात ‘वात’ म्हणत. आणि वातावर एरंडेल, त्रिफळा, हिंग्वाष्टक, ओवा-सैंधव असा चढत्या क्रमाचा बंदोबस्त असे. आमची आजी शेवटची कित्येक वर्षं कानटोपी घालून, शाल पांघरून, भर मे महिन्यात सुंठीचं पाणी पीत बसलेली असायची. तिच्या रक्ताचा थेंब कोणी कधी तपासला नाही. आता तिचे फोटो बघताना ते सुजरे डोळे दिसतात, आणि ताई नि मी एकमेकांकडे बघतो, पण बोलत नाही. त्रिफळ्याची यात काही चूक नव्हती; त्याला जे काम सांगितलं ते त्यानं केलं.

गोळीच्या शत्रूंमध्ये आपलाच चहा बदनाम, असं मात्र समजायचं कारण नाही. इटलीत थायरॉइडची गोळी एस्प्रेसो कॉफीबरोबर घेणारे लोक निघाले, आणि तिथल्या डॉक्टरांनी २००८ साली दाखवून दिलं की कॉफीमुळे गोळी नीट शोषलीच जात नव्हती. हे वाचून हिला परदेशी भगिनींबद्दल एकदम जिव्हाळा वाटला. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी गोळी रात्री झोपताना देऊन बघितली आणि रक्तातले आकडे सकाळच्यापेक्षाही चांगले आले. हिनं ते कात्रणासारखं जपून डॉक्टरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, जरूर घ्या, फक्त रात्रीच्या जेवणानंतर निदान तीन तास जाऊ द्या. डच माणूस सहाला जेवतो म्हणतात. आमच्याकडे नऊला मालिका संपते, मग कुकर लागतो. साडेनऊत तीन मिळवून हिनं उत्तर काढलं आणि कात्रण परत पर्समध्ये गेलं.

या गोळीची आणखी एक खोड अशी, की ती सोडली तरी लगेच काही बिघडत नाही. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच आठवडाभर लागतो. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला की ‘बरं झालं’ म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ. पहिले पंधरा दिवस छान जातात, आणि हे महाशय सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरतात की डॉक्टर उगाच घाबरवतात. दोन महिन्यांनी तेच जिना चढताना मधल्या पायरीवर थांबलेले दिसतात. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे, हे त्यांना कोणी सांगायला गेलं तर म्हणतात, मेथीच्या पाण्यामुळे.

उपासाचा प्रश्न आमच्याकडे लवकर सुटला. औषधानं उपास मोडत नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस खाल्ल्यावर जे पित्त उसळतं, त्यावरची गोळीही उपासाला चालते. किंबहुना तिच्याशिवाय उपास तडीला जात नाही.

जगानं मात्र या गोळीशी जुळवून घेतलंय, हे मला गेल्या मोसमात एका लग्नात कळलं. मंगल कार्यालयात मुक्काम होता. पहाटे सहाला आचाऱ्याचा माणूस चहाची किटली घेऊन बायकांच्या खोलीशी आला. पूर्वी अशा वेळी दारातच झुंबड उडायची. आता आतून एकेक आवाज आला, ‘नको, आत्ताच घेतली.’ ‘मला सातनंतर.’ ‘काकूंनाही नको, त्यांची पंच्याहत्तरची आहे.’ तो पोरगा जराही गोंधळला नाही. खोली ओलांडून पुरुषांकडे वळता वळता त्यानं मागे भटारखान्याकडे हाक दिली, ‘अण्णा, इथं दुसरं आधण लागणार. गोळीवाल्या तेवीस!’