गॅस असेल!

गॅसवाले काका नाहीत अशी आळी दाखवा. ‘पोट दुखतंय’ हे दोन शब्द कानावर पडायचा अवकाश, काका निदान करून मोकळे : ‘गॅस असेल!’ कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, असल्या फालतू चौकशीत ते शिरत नाहीत. काल लग्नात जिलेबी चापली? मग गॅसच. काल उपास होता? रिकाम्या पोटी तर होणारच! खिशात ओव्याची पुडी, पिशवीत हिंगाष्टक, आणि परक्याच्या घरीही इनो कुठल्या फळीवर असेल याचा अचूक अंदाज. खरी पंचाईत अशी की काका बहुतेकदा बरोबर निघतात. बहुतेक पोटदुख्या काही तासांत आपसूक थांबतात. ओवा नुसता साक्षीला असतो, पण सत्कार त्याचाच होतो. अशा शंभर सत्कारांनंतर एकशे एकाव्या खेपेला माणूस शंका घेईल कशाला?

अपेंडिक्सची सूज तर काकांना फसवण्यासाठीच जन्माला आलेली. सुरुवात बहुधा बेंबीभोवती, मोघम, थोड्या मळमळीसह. म्हणजे गॅसचं हुबेहूब सोंग. आतड्यांच्या मज्जातंतूंना नेमका पत्ता सांगता येत नाही. सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली, की मग दुखणं उजवीकडे खाली सरकून ठाण मांडतं. ती जागा मॅकबर्नी या अमेरिकन शल्यविशारदानं १८८९ साली बोट ठेवून दाखवली. तेव्हा निम्मं निदान पोटात असलं तरी निम्मं घड्याळात असतं, आणि काका घड्याळ बघत नाहीत. इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ला ठरला होता. दोन दिवस आधी त्याच्या पोटातलं अपेंडिक्सचं गळू कापून मोकळं करावं लागलं आणि सोहळा ९ ऑगस्टवर गेला. बकिंगहॅम पॅलेसात काका असते, तर त्यांनी राजाच्या बेंबीला हिंग चोळून मुकुट ठरल्या दिवशी चढवला असता. तो डोक्यावर किती दिवस टिकला असता, हा प्रश्न वेगळा.

‘मग काय दर कळीला डॉक्टर गाठायचा? दवाखान्यातच बिऱ्हाड करू की!’ काकांचा हा मुद्दा बिनतोड आहे. साध्या कळीला ओवा खुशाल चावावा, पण घड्याळाकडे डोळा ठेवून. गॅस फिरतो, सुटतो, माणूस हलका होतो. दुखणं मात्र तासागणिक चढत असेल, ताप भरला असेल, पोट फळीसारखं कडक होऊन कूस बदलणंही नकोसं झालं असेल, उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच असेल, पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात कळ येऊन भोवळ आली असेल, तर १०८ फिरवावा. एरंडेल तर मुळीच पाजू नये. आणि सगळ्यात मोठा विनोद पुढेच आहे. पोट फुगलंय, उलट्या चालू आहेत, शौच नाही, वारासुद्धा सरत नाही. म्हणजे आतडं अडलेलं असू शकतं. काकांचं ‘गॅस असेल’ तेव्हा अक्षरशः खरं असतं, आणि नेमकं तेव्हाच शस्त्रक्रियेची वेळ आलेली असू शकते.

तरी हे निदान इतकं लोकप्रिय का? गॅसला बिल नाही, रजा नाही, चारचौघांत कबूल करायला भीतीही नाही. कित्येक घरांत बाईचं दुखणं शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत गॅसच असतं, आणि ते तिनं स्वतःच ठरवलेलं असतं. त्या मानानं काका बरे. दुसऱ्याला खरोखर दवाखान्यात हलवायची वेळ आली, की रिक्षा आणायला धावणारे तेच, रात्रभर बाकड्यावर बसणारेही तेच. सकाळी शुद्धीवर आलेल्या पेशंटच्या उशाशी हळूच ओव्याची पुडी ठेवतात आणि नर्सची बोलणी खातात.

स्वतःच्या बाबतीत मात्र ते इतके तत्पर नसतात. हृदयविकाराचा झटका कधीकधी छातीऐवजी बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागात दुखण्याचं रूप घेऊन येतो. सोबत दरदरून घाम, मळमळ. मध्यरात्री असं काही झालं, तर काका अंधारात चाचपडत फळीवरची पुडी काढतात, अर्ध्या ग्लासात फेस उठवतात आणि ‘गॅस असेल’ असं पुटपुटत, कुणालाही न उठवता, खुर्चीत बसून राहतात.