साडेबावीस अंशांचे अण्णा

ऑर्केस्ट्रातल्या गायकाला लोक नावानं ओळखतात, ढोलकीवाल्याला हातानं ओळखतात आणि गिटारवाल्याला ‘तो डावीकडे, जरा मागं उभा असतो तो’ असं. हा डावीकडचा माणूस बहुधा पन्नाशीतला असतो. सोमवार ते शुक्रवार सहकारी बँकेत चेक वटवतो, शनिवारी काळा शर्ट घालतो आणि आयुष्याबद्दल त्याची एकच तक्रार असते: स्टेजवर मला मी ऐकू येत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात असा एक असतोच. आमच्याकडच्याला सगळे अण्णा म्हणतात.

मी ह्याच ऑर्केस्ट्राचा निवेदक. त्यामुळे अण्णांना मी कायम बाजूनं पाहत आलोय. बाजूनं पाहिलं की माणसाचं पोट आणि त्याचा ॲम्प, दोन्ही नीट दिसतात.

ॲम्प म्हणजे रोलँडचा जाझ कोरस, जेसी-१२०. जपान्यांनी १९७५ साली काढला आणि अजून काढतायत. बारा इंची दोन स्पीकर, साठ-साठ वॉटचे दोन ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात, वजन अठ्ठावीस किलो, खाली चार चाकं. अण्णांनी तो जुना घेतला, पण वागवतात नव्यासारखा. टेम्पोत त्याच्यावर कुणी डबा ठेवला तर डबेवाल्याचं जेवण बेचव होईल इतपत बोलतात. उचलायची वेळ आली की मात्र अण्णांची पाठ धरते.

अण्णांची तक्रार खरी आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही त्यांना वेड्यात काढाल. जमिनीवर ठेवलेल्या ॲम्पचे स्पीकर फूट-सव्वा फुटावर असतात आणि अण्णांचे कान सव्वापाच फुटांवर. आता आवाजाचं असं आहे की खर्ज चहूकडे पसरतो, पण टोकदार, बारीक स्वर पसरत नाहीत. तीन हजार हर्ट्झच्या स्वराची लहर साडेअकरा सेंटिमीटरची आणि स्पीकरचं तोंड तीस सेंटिमीटरचं. अशा वेळी तो स्वर टॉर्चच्या झोतासारखा नाकासमोर सरळ जातो. अण्णा ॲम्पच्या पुढं, ॲम्पकडे पाठ करून उभे. म्हणजे त्यांच्या कानावर येतो तो नुसता घुमारा आणि बोटांनी काढलेली सगळी नक्षी आदळते पोटऱ्यांवर. त्यात स्टेज गणपती मंडळाचं, म्हणजे लोखंडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्यांचं असेल, तर ते स्टेजच खर्ज धरतं आणि जाड तार छेडली की समईची ज्योत हलते.

मग अण्णा काय करतात? ट्रेबल वाढवतात. वाढलेली ट्रेबल पोटऱ्यांच्या मधून निसटते आणि थेट पहिल्या रांगेत जाते. स्टेज तीन-एक फुटांचं, खुर्चीत बसलेल्या माणसाचे कान चार फुटांवर. सरळ रेषा मारून बघा. त्या रेषेच्या टोकाला बसलेले असतात नगरसेवक, प्रायोजक आणि प्रायोजकाच्या सासूबाई. एका गणेशोत्सवात ह्या सासूबाईंनी अण्णांच्या पहिल्या तुकड्यालाच दोन्ही कानांना हात लावले. अण्णा धन्य झाले. उस्तादांचं नाव निघालं की जुनी माणसं कानाच्या पाळीला हात लावतात, तसलंच काहीतरी त्यांना वाटलं. मी शेजारीच उभा होतो. बाईंनी पाळ्या धरल्या नव्हत्या, कान झाकले होते.

तेव्हा ॲम्प तिरका करायचा, त्याचं तोंड वर, आपल्या कानाकडे वळवायचं, हा विचार अण्णांच्या डोक्यात शिरला तो काही चुकीचा नव्हता. साठच्या दशकातल्या फेंडरच्या मोठ्या ॲम्पना दोन्ही बाजूंना चकचकीत पाय असत. ते खाली वळवले की ॲम्प मागं रेलायचा. अण्णांच्या जाझ कोरसला असे पाय नाहीत. हे दुःख ते, आपल्या मुलाला अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही, अशा आवाजात सांगतात.

सुरुवातीला विटेवर काम भागवलं. ॲम्पच्या पुढच्या कडेखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट. चाकं असलेला ॲम्प विटेवर राहत नाही, हे तिसऱ्या गाण्यात समजलं. तो मागं मागं जात ऑक्टोपॅडवाल्याच्या मांडीला टेकला आणि त्या पोरानं उरलेली दोन कडवी एका हातानं वाजवली. मग चाकं काढली. मग मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची आली, तिच्यात ॲम्प छान रेलून बसायचा, आमच्यातल्या कुणाहीपेक्षा आरामात. पण मांडववाल्याचा माणूस कार्यक्रम संपायची वाट बघत नाही, शेवटच्या गाण्यापासूनच खुर्च्या मोजायला लागतो. त्यानं ॲम्पखालची खुर्ची ओढायला हात घातला तेव्हा भैरवी चालू होती. अण्णांनी एका पायानं खुर्ची दाबून धरून ती पूर्ण केली.

त्यानंतर घरचा पाट. शिसवी, आजीच्या वेळचा, उतार बरोब्बर. सत्यनारायणाच्या दिवशी वहिनींचा फोन आला. आम्ही सेटिंग करत होतो.

“अहो, पाट कुठंय?”

“बालगंधर्वला.”

“तिथं कसली पूजा आहे?”

ह्या फोननंतर रीतसर स्टँड घ्यायचं ठरलं.

आता खरेदी म्हणजे अण्णांच्या दृष्टीनं परीक्षा, दुकानदाराची. मुंबईला धोबीतलावापासून लॅमिंग्टन रोडपर्यंत आम्ही हिंडलो. अण्णांच्या खिशात लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक. दुकानदारानं स्टँड पुढं ठेवला की हे गुडघ्यावर बसून आधी कोन मोजणार. फुलीच्या आकाराचा घडीचा स्टँड त्यांना पसंत नव्हता, त्याची खीळ निसटली तर अठ्ठावीस किलो पायावर. खाली नुसते दोन रबरी पाय लावायचे असतात तो प्रकार स्वस्त आणि खिशात मावणारा, पण तो ॲम्प वर उचलत नाही, नुसता आकाशाकडे बघायला लावतो. तिसरा जरा बरा होता: पुढं ओठ, मागं पाठीला टेका, खालचे पाय लांब. मागचा टेका महत्त्वाचा, कारण जाझ कोरसचं सगळं जड सामान वरच्या भागात असतं. जास्त रेलला तर ॲम्प उताणा.

“ह्याच्यावर बसून दाखवा,” अण्णा दुकानदाराला म्हणाले.

दुकानदार नव्वद किलोचा होता. त्यानं पोऱ्याला बसवलं. पोऱ्या बसला, हसला, स्टँड डुगडुगला, अण्णांनी मान हलवली. खरं तर फरशी वरखाली होती. मी बोललो नाही. अण्णांच्या नकाराला कारण सापडलं की पुढच्या दुकानात जाता येतं आणि पुढच्या दुकानाच्या आधी एक इराणी होता.

खरी अडचण कोनाचीच होती. चहा पिताना अण्णांनी ती बिलाच्या मागं काढून दाखवली. स्पीकरपासून तीन मीटर लांब उभं राहिलं तर कानापर्यंत पोचायला तेवीसेक अंश पुरतात, दीड मीटरवर उभं राहिलं तर चाळीसच्या वर लागतात. मोठ्या नाट्यगृहात तीन मीटर मिळतात. लग्नाच्या स्वागत समारंभात गिटारवाल्याला मिळालेली जागा म्हणजे केकचं टेबल आणि पडदा ह्यांच्या मधली फट. बाजारात मिळणाऱ्या स्टँडना एक तर कोन ठरलेला किंवा दोन-तीन खाचा. अण्णांना हवा होता साडेबावीस. हा आकडा त्यांनी कुठून काढला ते विचारू नका, नाहीतर तेही सांगतील.

शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. खिडक्यांची ग्रिलं, कुंड्यांचे स्टँड, पाण्याच्या टाकीचे घोडे, सगळं करतो. अण्णांनी चित्र काढून दिलं. त्यानं ते उलटं धरून पाहिलं.

“अँगल कितीचा लावू?”

“साडेबावीसचा.”

“साडेबावीस येत नाही. वीस, पंचवीस, तीस.”

“पंचवीस केला तर आवाज डोक्यावरून जाईल.”

“आवाज नाही होणार साहेब, रबर लावून देतो.”

तो लोखंडी पट्टीचे मिलिमीटर सांगत होता आणि अण्णा अंश. दोघंही समाधानानं निघाले. आठवड्यानं स्टँड आला तो ॲम्पपेक्षा थोडाच हलका, चंदेरी रंग दिलेला आणि दोन्ही बाजूंना ग्रिलला असते तशी वेलबुट्टी. वेलबुट्टीचे पैसे लावले नव्हते. कोन मोजला तर चोवीस. अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि ‘बूट उंच टाचेचे घालीन’ म्हणाले.

आता उरला साउंडवाला. हा पंचविशीतला, कानात बाळी, सदैव च्युइंगम आणि सगळ्या वादकांविषयी एक सरसकट दया. त्यानं ॲम्पच्या तोंडाशी नेहमीप्रमाणे माइक लावला.

“काका, एवढं लोखंड कशाला? माइक मी जाळीला चिकटवूनच लावणार. ॲम्प तिरका करा, आडवा करा, पब्लिकला सेमच.”

“पब्लिकसाठी नाहीच्चे हा. माझ्यासाठी आहे.”

“तुमच्यासाठी समोर मॉनिटर आहे की. तोपण तिरकाच डबा आहे.”

“त्यात मी नाही. त्यात ताई आहेत.”

ह्यावर पोरगं गप्प झालं, कारण ते खरंच होतं. आमच्याकडे चार मॉनिटर आहेत आणि चारांतही गायिकाच असते. तिनं तसं सांगून ठेवलंय. मग अण्णांनी त्याला बीटल्स ऐकवले, म्हणजे गोष्ट ऐकवली. न्यूयॉर्क, शेआ स्टेडियम, १९६५, पंचावन्न हजार लोक, व्हॉक्स कंपनीचे शंभर-शंभर वॉटचे ॲम्प, आणि पोरींच्या किंचाळ्यांत त्या चौघांना स्वतःचं वाजवणं ऐकू येईना. तारीख पंधरा ऑगस्ट. त्यामुळे अण्णा ही गोष्ट दरवर्षी सोसायटीच्या झेंडावंदनालाही सांगतात. साउंडवाल्यानं शांतपणे विचारलं, “काका, तुमच्यासमोर कोण किंचाळतं?”

स्टँडची पहिली रात्र कोथरूडला होती. नाट्यगृह भरलेलं, पाठीमागं तीन मीटर जागा, मापून घेतलेली. पडद्याआड चंदेरी वेलबुट्टीवर ॲम्प रेलून बसलेला, अण्णांच्या पायात टाचेचे बूट. पडदा उघडल्यावर पहिल्या रांगेतल्या एका आजींनी ‘हे कसलं मखर’ असं विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

दोन गाणी झाली. अण्णा ओठांतल्या ओठांत हसत होते. वीस वर्षांत त्यांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. ट्रेबल त्यांनी आपणहून कमी केली. पहिल्या रांगेनं त्याबद्दल टाळ्या वाजवायला हव्या होत्या, पण तिला कारण माहीत नव्हतं. तिसरं गाणं १९७३ च्या ‘यादों की बारात’मधलं, ज्याच्या आरंभी ग्लास किणकिणतो आणि मग गिटार येते. आमच्याकडे ग्लास ऑक्टोपॅडवाला वाजवतो आणि टाळी त्यालाच पडते. ह्यावर अण्णांचा जुना राग आहे. पण त्या रात्री रागाला वेळच मिळाला नाही. पहिला तुकडा वाजवल्याबरोबर अण्णांनी मान वळवून ॲम्पकडे पाहिलं. मग गिटारकडे. मग पुन्हा ॲम्पकडे, रिक्षावाला चुकीच्या रस्त्यानं नेतोय असा संशय आल्यावर आपण पाहतो तसं.

दुसरी तार उतरलेली होती. फार नाही, जरा. आणि पुढच्या अंतऱ्यात, जिथं मायनर हवी तिथं अण्णा मेजर कॉर्ड वाजवत होते. वाजवत आले होते.

मध्यंतरात ते वडा न खाता माझ्याकडे आले. “हे असंच वाजतं का रे नेहमी?”

मी निवेदक आहे. कुठल्याही प्रश्नाला उत्तर न देता दीड मिनिट बोलू शकतो. तेच केलं. अण्णा बेस गिटारवाल्याकडे गेले. तो वड्यातली मिरची बाजूला काढत होता. “म्हणजे काय,” तो म्हणाला. “मी तर तिथं माझी तार सोडूनच देतो, भांडण नको.” कीबोर्डवाला म्हणाला, “आम्हाला वाटलं, जाझ आहे. ॲम्पवर तसंच लिहिलंय.”

दुसऱ्या भागात अण्णा टाचांचे बूट काढून वाजवत होते. त्यानं कोनात काय फरक पडतो ते तेच जाणोत. ॲम्पचा आवाजही त्यांनी बराच खाली घेतला. साउंडवाल्यानं खुणेनं ‘वाढवू का’ असं विचारलं, तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा अण्णांनी हातानं ‘नको’ म्हटलं. त्या पोरानं दचकून च्युइंगम गिळलं असावं, तोंड तरी थांबलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले होते हे मला नंतर समजलं. स्टँडला खाली आणखी एक खाच पाडून हवी होती. “किती खाली घेऊ?” त्यानं विचारलं. “कान चुकला पाहिजे,” अण्णा म्हणाले. त्यानं ॲम्पचा कान समजून मुठीची जागा मोजली.

त्या रात्री सामान भरत असताना मात्र वेगळंच घडलं होतं. गायिका, म्हणजे आमच्या ताई, गजरा सोडवत अण्णांपाशी आल्या. अण्णा वेलबुट्टीला गोणपाट गुंडाळत होते.

“दादा, आज पहिल्यांदा तुमची गिटार ऐकली हो. मॉनिटरमध्ये मला माझ्याशिवाय काही येतच नाही. पुढच्या कार्यक्रमाला तो ॲम्प जरा माझ्या बाजूला वळवून ठेवाल?”

वीस वर्षं अण्णा ह्या वाक्याची वाट पाहत होते. त्यांनी गोणपाटाची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

“पुढच्याला नको ताई,” अण्णा म्हणाले. “दिवाळी पहाटेला बघू.”