बहिरे ससाणे

सोसायटीच्या वार्षिक सभेत कबुतरांचा विषय निघाला आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. कारण एवढंच, की माझं आडनाव ससाणे. "घरचा ससाणा असताना जाळीवाल्याला कशाला पैसे मोजायचे?" असं चेअरमन म्हणाले म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की ते माझ्या डाव्या हाताला बसले होते आणि माझा डावा कान गेली सहा वर्षं जवळजवळ संपावर आहे. ऐकू आलं नाही की मी मान डोलावतो. त्या दिवशीही डोलावली. ठराव एकमताने मंजूर झाला.

आडनावात पक्षी असणं मराठी माणसाला नवीन नाही. कावळे आहेत, घारे आहेत, पारवे आहेत, मोरे तर गल्लोगल्ली. पण कावळ्यांनी काव काव करावं अशी कुणी अपेक्षा धरत नाही आणि मोऱ्यांना कुणी पावसात नाचायला लावत नाही. ससाण्याकडून मात्र लोकांना काहीतरी हवं असतं. शाळेत शंभर मीटरच्या शर्यतीला पी. टी.चे सर ओरडायचे, "ससाण्या, नावाला तरी जाग!" मी नावातल्या पहिल्या दोन अक्षरांनाही जागत नसे. धावायचो कासवासारखा, आणि तोही शर्यत हरणारा.

त्या दोन अक्षरांचीही गंमत आहे. संस्कृतात या पक्ष्याला शशादन म्हणतात. अमरकोशात तो श्येनाच्या शेजारीच बसलेला आहे. शश म्हणजे ससा आणि अदन म्हणजे खाणं. आपला ससाणा त्याच्याच कुळातला दिसतो. म्हणजे शिकाऱ्याची ओळख काय, तर त्याच्या ताटातला पदार्थ! हा न्याय माणसांना लावला असता तर आमचं घराणं 'पिठले' म्हणून प्रसिद्ध झालं असतं. बरं, बहिरी ससाणा ससे खातो म्हणावं तर तेही नाही. त्याचा सगळा कारभार हवेत. उडतं कबूतर, उडता पोपट वरून हेरायचा आणि ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगाने सूर मारून उडवायचा. एवढा उद्योग करून नावावर ससा.

आणि 'बहिरी' तरी का? त्याचे कान ठणठणीत आहेत. अरबीत बहर म्हणजे समुद्र आणि बहरी म्हणजे समुद्राचा. शिकारी पक्षी हातावर घेऊन हिंडणाऱ्या दरबारी मंडळींच्या तोंडून हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठीत पाय ठेवताच बिचाऱ्याचे कान गेले. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने बायकोला दिली. तेव्हापासून जेवायची वेळ झाली की ती भाच्याला सांगते, "जा, बहिऱ्या ससाण्याला बोलावून आण."

मावळात आणि कोकणात आणखी घोटाळा. तिथे बहिरी म्हणजे देव, आपला भैरव. कॉलेजात असताना आम्ही चौघं ढाकच्या बहिरीला गेलो होतो. तिथे कड्याच्या पोटात देवाची गुहा आहे आणि तिच्यापर्यंत पोचायला कड्याला चिकटून जावं लागतं. मी पालीसारखा खडकाला चिकटलो होतो, तळहाताला घाम, खाली पाहायची सोय नाही. इतक्यात मागून मित्र ओरडला, "वर बघ, बहिरी!" मी गुहेच्या दिशेने डोळे मिटले आणि हात जोडता येत नव्हते म्हणून मनातल्या मनात साष्टांग घातला. डोळे उघडले तेव्हा तिघंही हळहळत होते. अगदी डोक्यावरून गेला होता म्हणे, चोचीत चोच घालावी इतक्या जवळून. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करणारा हा आपला मुक्कामी बहिरी ससाणा. त्याला शाहीन असंही म्हणतात.

शाहीन म्हणजे शाहाचा, राजेशाही. या नात्याने शाहीन आफ्रिदी आमचा भाऊबंदच लागतो. भावकी कशी असते हे त्याने 2021 साली दुबईत दाखवून दिलं. रोहित शर्माला पहिल्याच चेंडूवर पायचीत केलं तेव्हा आमच्या दिवाणखान्यात सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू चेंडू मीच टाकला.

हिंदीतल्या बाजाने तर मला छडी खायला लावली. गुरुजींनी विचारलं, "बाज का अर्थ बताओ." मी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, "खाट!" आमच्या आजीची बाज अंगणात होती, सुंभाची, मधोमध झोळ आलेली. तिच्यावर झोपूनच मी लहानाचा मोठा झालो होतो, मग मी दुसरं काय सांगणार? त्याच आजीचा भाऊ गाणं शिकायचा. त्याच्या गाण्याला म्हणे वेगळाच बाज होता. शेजारच्या दगाबाजाने बांध कोरला होता. एवढे बाज घरात आणि बांधावर असताना पक्षी कुणाला आठवतो?

आमचं आडनाव इंग्रजीत लिहिलं की वेगळाच छळ. तिथे ससाणे आणि सासणे यांचं स्पेलिंग एकच. 2022 साली भारत सासणे उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका दूरच्या मेव्हण्याने फोन करून माझं अभिनंदन केलं आणि वर "कळवलं नाहीत, भाऊजी," म्हणून रुसून बसला. रिक्षावाल्याला आडनाव सांगितलं तर तो हडपसरचं ससाणेनगर समजून मीटर टाकतो. अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर यांचा मला अशा वेळी आधार वाटतो. त्यांचं आडनाव म्हणजे ससाणे पाळणारा. घरच्या स्पेलिंगमध्ये त्यांनी एक 'यू' जास्तीचा घातला आणि पुढे नोबेल मिळवलं. मीही एक जादा 'ए' घालून पाहिला. बँकेने केवायसी परत पाठवलं.

रशियातले सोकोलोव्ह आमच्यातलेच, तुर्कस्तानातले शाहीनही. पण सगळ्यात मला आवडतो तो एका इंग्रजाचा किस्सा. पीटर अ‍ॅडॉल्फ नावाच्या या पक्षिवेड्या गृहस्थाने टेबलावर बोटांनी खेळायचा फुटबॉल काढला आणि त्याला 'हॉबी' हे नाव मागितलं. हॉबी ही ससाण्याची एक छोटी जात, पण इंग्रजीत तोच शब्द छंदालाही. नोंदणी कचेरीने नकार दिला. अ‍ॅडॉल्फने शांतपणे त्याच पक्ष्याच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द उचलला, सबुटिओ, आणि खेळ त्या नावाने जगभर खपला. कचेरीला असं उत्तर देणारा माणूस आमच्या भावकीत हवा होता.

आता घरातलं सांगतो. इंग्रज शिकाऱ्यांच्या बोलीत 'फाल्कन' म्हणजे फक्त मादी. नर तिच्याहून साधारण एक तृतीयांशाने लहान, म्हणून त्याला वेगळं नाव. आपल्याकडच्या जुन्या बाजदारांनी तर हद्दच केली: मादी ती बहिरी आणि नर तो बहिरी बच्चा. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

तर सोसायटीचा ठराव. मी ऑनलाइन प्लॅस्टिकचा ससाणा मागवला, सहाशे रुपयांना. गच्चीच्या कठड्यावर तारेने बांधला. पहिल्या दिवशी कबुतरं लांब बसली. दुसऱ्या दिवशी जवळ आली. चौथ्या दिवशी एक जण त्याच्या डोक्यावर बसून मान फुगवत घुमत होता आणि आठवड्याच्या आत ससाण्याच्या दोन पायांमध्ये काड्या जमू लागल्या. "ससाणे फेल गेले," अशी चर्चा लिफ्टमध्ये माझ्या उजव्या कानाच्या बाजूने झाली.

डिसेंबरात एका सकाळी वाळवणाचा पापड उलटायला गच्चीवर गेलो, तर समोरच्या टॉवरच्या टाकीवर ती बसलेली. चांगली दांडगी, म्हणजे मादीच असणार. पाठ पाटीसारखी करडी, गालावर काळ्या मिशीचा ओघळ, डोळ्याभोवती पिवळं कडं. पिवळ्या पंजाखाली कबूतर. ती एकेक पीस चोचीने उपटून, मान झटकून वाऱ्यावर सोडत होती, घाई अजिबात नाही, बायका मेथी निवडतात तशी. दोन पिसं तरंगत आली आणि आमच्या प्लॅस्टिकवाल्याच्या डोक्यावर टेकली. मी पापड हातात धरून उभा.

चार दिवसांत गच्ची मोकळी झाली. रविवारी कमिटी वर आली. चेअरमननी कठडा पाहिला, पिसं पाहिली, प्लॅस्टिकच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी बोलले. मी मान डोलावली.

काल पार्सल आलं. माझ्या नावावर बारा ससाणे, पैसे डिलिव्हरीच्या वेळी.