पखवाजवाल्याक आधी सांगा

"काय रे झिला, रातचे दोन वाजेपर्यंत तुझ्या खोलयेत लाईट! कोणाशी बोलत होतस?" गडग्यावर सोलांचं ताट ठेवत शेजारच्या काकींनी विचारलं.

"जर्मनीतल्या एका माणसाशी."

"माणसाशी? मगे जागतस कित्याक?"

पिंगुळीत अर्धं उत्तर दिलं, तर उरलेलं अर्धं संध्याकाळपर्यंत राऊळ महाराजांच्या मठापर्यंत लोकच पुरं करतात. म्हणून सगळंच सांगितलं.

डेबियन म्हणजे संगणक चालवणारी फुकट प्रणाली. १९९३ साली इयान मर्डॉकने सुरू केली. नाव ठेवलं मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, दोघांची नावं जोडून.

काकी गडग्यावर ओणवल्या. "लगीन झाला मा तेंचा?"

"झाला, मगे मोडला. नाव मात्र रवला."

त्यातल्या हजारो पॅकेजांना, म्हणजे वेगवेगळ्या प्रोग्रामांच्या गाठोड्यांना, जगभर राखणदार आहेत. एक लहानसं माझ्याकडे. पण ती एकमेकांच्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे सामायिक कोडावर, उभी असतात.

"काकी, बुवांनी नवी पेटी आणली, पट्टी चढवली, आणि पखवाजवाल्याक सांगूकच नाय तर?"

"गेल्या साली डबलबारीक तसाच झाला! तो बिचारो कणीक लावन जुन्या सुरात बसलेलो!"

तेच टाळायचं. नवी लायब्ररी आधी 'एक्स्परिमेंटल'मध्ये, म्हणजे मागल्या पडवीत वाजवून बघतात. कोणाचं बिघडतं त्याची यादी करून प्रत्येकाला कळवतात. मग रिलीज टीम, म्हणजे आपल्याकडचे मानकरीच, बारी ठरवून देते. बारी मिळाली की लायब्ररी 'सिड'मध्ये येते. हे मोडतोड चालणाऱ्या कच्च्या आवृत्तीचं नाव; सिड हा 'टॉय स्टोरी' सिनेमातला, शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. तिथे तिच्यावर उभी असलेली सगळी पॅकेजं नव्याने बांधून एकदमच 'टेस्टिंग'मध्ये, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीत, जातात. एक अडला की सगळे अडले.

"एवढो खटाटोप कित्याक? जुनी वाजता, वाजांदे."

"१९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटां ७ सेकंद. जुन्या ३२ बिटी यंत्रांचे आकडे थय संपतत. फुडच्या सेकंदाक ती १९०१ साल दाखवतली."

"१९०१? तेव्हा माझो सासरोसुद्धा जन्माक येवक नव्हतो!"

म्हणूनच २०२४ साली डेबियनने शेकडो लायब्रऱ्या एका दमात बदलायला घेतल्या. ते काम ऑगस्ट २०२५च्या 'ट्रिक्सी' आवृत्तीतून लोकांपर्यंत पोचलं. आता तशीच आणखी एका लायब्ररीची बारी चालू आहे.

"मगे आता अडलो कोण?"

"तोच जर्मनीवालो. पंधरा दिवस उत्तर नाय."

"वाळीत टाकलात?"

"नाय हो. पॅकेज टेस्टिंगमधून भायर काढतत, दुरुस्त केल्यान की परत घेतत. पण काल रात्री गावलो. तेका बाळ झाला हा."

"पोरगो की पोरगी?"

"इचारूक नाय."

"दोन वाजेपर्यंत बोललस, आणि ह्या इचारूक नाय?" काकींनी ताट उचललं. "पेटी बदलूची तर बदला. पण पखवाजवाल्याक आधी सांगा, आणि तेच्या घरात काय चल्ला हा ता पण इचारा."