थोरलीला पास, धाकटीला पायपीट

"ऐकलंस का गं, बंगल्यातल्या सूनबाईचं?" काकूंनी शेवग्याच्या शेंगा कुंपणावरून पुढं केल्या, तेव्हाच ओळखलं की आता अर्धा तास गेला.

"काय झालं?"

"पोराचा आरटीईत नंबर लागला म्हणून पेढे वाटले होते ना? आता बसवाल्यानं महिन्याला १८०० सांगितलेत. वर मे महिन्याचेही हवेत त्याला!"

"मे महिन्यात शाळा कुठं असते?"

"तेच तर! तो म्हणतो, सुट्टीत गाडीचा हप्ता थांबतो का? पंचवीस टक्क्यांतली जागा म्हणजे शिकवायची फी माफ, पण गाडीचं ज्याचं त्यानं बघायचं. कसली फुकट म्हणायची ही जागा?"

"पण काकू, बसचं भाडं काही बसवाल्याच्या मनावर नसतं. राज्याचे २०११ चे नियम आहेत. शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष, शिवाय पालकांचा माणूस, पोलीस, आरटीओवाले. भाडं किती, थांबा कुठं, ते त्या समितीनं बघायचं."

"आहे की समिती! मास्तरांच्या सुनेचं नाव आहे त्यात. विचारलं तर म्हणते, पालकसभेत कशावर तरी सही केली होती खरी." काकूंनी पदरानं तोंड झाकलं, पण हसू काही झाकेना. "जाऊ दे. त्यांना परवडतंय, भरतील. मला आपल्या दूधवाल्याच्या पोरींचं वाईट वाटतं. थोरली पाचवीत गेली, तिला एसटीचा पास फुकट."

"अहिल्याबाई होळकर योजना. पाचवीपासून मुलींना."

"आणि धाकटी पहिलीत. तिला काय?"

"अर्धं तिकीट. नाहीतर विद्यार्थी पास, त्यात भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा भरायचा."

"अगं, पण त्या वस्तीवर एसटी येते कुठं? थोरली चालत फाट्यावर जाते नि तिथून बसते. धाकटीची शाळा उलट्या दिशेला."

हे मात्र मलाही कधी उमगलं नाही. माझ्या माहेरी परभणीकडं मानव विकासच्या निळ्या बस फिरतात, त्याही हायस्कूलच्या पोरींसाठी. पोरगी जरा हातापायानं मोठी झाली की सरकारला तिची काळजी वाटायला लागते. सहा वर्षांची, पाठीवर दप्तर नि हातात पाण्याची बाटली, ती जाईल म्हणे आपली आपण.

"छोट्यांसाठी एक आहे," मी म्हटलं. "पाचवीपर्यंतच्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, सहावी ते आठवीला तीनच्या आत. नसेल तर वाहतूक भत्ता. समग्र शिक्षामधून वर्षाला ६००० पर्यंत."

"तो मागायला गेलाच होता बिचारा. तिथं एकानं मोबाईलवर नकाशा काढला, घर ते शाळा सरळ रेघ मारली, म्हणाला नऊशे मीटर, बसत नाही. आता सांग, पोरगी काय कावळा आहे? मध्ये ओढा आहे. पाऊस लागला की फरशीवरून पाणी वाहतं, मग वरच्या पुलाला वळसा. तो दोन किलोमीटर सहज भरतो. परवा तर बापानं खांद्यावर घेऊन पलीकडं सोडली. धारा काढायच्या राहिल्या, म्हणून आपल्याकडं दूध नऊला आलं."

"म्हणून होय! मी चहाला पावडर वापरली त्या दिवशी."

"मग आता करायचं काय त्यानं?"

"पुन्हा अर्ज. मुख्याध्यापकांकडं, एक प्रत गट शिक्षणाधिकाऱ्यांना. चालायची वाट किती, ते लिहायचं. ग्रामसेवकाचा नाहीतर सरपंचाचा दाखला जोडला तर बरं."

"त्याला कुठलं लिहिता येतंय? तूच दे खरडून. उद्या दूध घालायला आला की धाडते तुझ्याकडं. ओढ्याचं मात्र ठळक लिही हं."

"लिहिते."

"आणि मास्तरांच्या सुनेचं मी बोलले म्हणून कुठं बोलू नकोस बाई. संक्रांतीला वाण घ्यायला जायचंय मला तिच्याकडं."